एकाच पिंजऱ्यातले तीन चट्टे आणि त्यांची तीन कारणे

प्रश्न : आमच्या घरी दोन गिनीपिग आहेत, दोन्ही माद्या. थोरली चिंगी अडीच वर्षांची आणि साधारण ९०० ग्रॅम वजनाची, धाकटी ठमी आठ महिन्यांची. गेल्या दोन महिन्यांत चिंगीच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ होत गेले आणि आता तेथे उघडी कातडी दिसते. ती खाजवत मात्र नाही. पावसाळा सुरू झाल्यावर ठमीच्या नाकावरचे आणि एका डोळ्याभोवतीचे केस गेले व तेथे पांढरट खपली धरली. दोघींच्या कानांमागेही टक्कल आहे. दुकानदार म्हणतो की ही जीवनसत्त्वाची कमतरता आहे. शेजारी शेळ्या पाळतात, ते गोचिडांसाठीचे इंजेक्शन देऊ का म्हणून विचारतात. मी औषधाच्या दुकानातून नायट्याचे मलम आणून ठमीला आठवडाभर लावले. आधी बरे वाटले, मग चट्टा वाढला. आता माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटावर गोल, लाल, खाजरा चट्टा उठला आहे. सासूबाई म्हणतात, दोघींना शेतात सोडून द्या. खायला आम्ही कोथिंबीर, गाजर, काकडी, पोळी आणि दुकानातले सुटे पेलेट देतो. गवत मिळत नाही. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा असतो. काय करावे?
– एक वाचक, वाई

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण केस गेले आहेत एवढेच न सांगता ते कोठून गेले, केव्हापासून गेले आणि प्राणी खाजवतो की नाही हेही तुम्ही लिहिले आहे. गिनीपिगच्या टकलाचे कारण शोधताना निम्म्याहून अधिक काम याच तीन गोष्टींवर होते. दुकानदार, शेजारी आणि मलमाची ट्यूब या तिघांनी एकच कारण धरून दोघींवर एकच उपाय सुचवला. तुमच्या वर्णनावरून मला मात्र दिसते ते असे की या पिंजऱ्यात तीन वेगळे चट्टे आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत. प्राणी हातात घेऊन तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

सर्वांत आधी मुलीविषयी. ठमीच्या चेहऱ्यावरची खपली आणि मुलीच्या मनगटावरचा गोल चट्टा एकाच सुमारास उठणे हा योगायोग असण्याची शक्यता मला कमी वाटते. गिनीपिगला होणारा नायटा, म्हणजेच गजकर्ण, माणसाला लागतो आणि मुलांना तर सहज लागतो, कारण ती प्राण्याला मनगटावर, मानेशी, गालाशी धरतात. मुलीला या दोन दिवसांत त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि घरात चेहऱ्यावरचे केस गेलेला गिनीपिग आहे हे त्यांना आपणहून सांगा. प्राण्याकडून आलेला नायटा माणसाकडून आलेल्या नायट्यापेक्षा अनेकदा जास्त लाल आणि सुजलेला असतो, त्यामुळे तो भलत्याच रोगासारखा दिसू शकतो. घरात प्राणी आहे हे कळले की डॉक्टरांचा विचार योग्य दिशेने सुरू होतो. ठमीला लावलेले मलम मुलीला लावू नका. घरात आणखी कोणाला, विशेषतः सासूबाईंना, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर त्यांनी सध्या दोघींना हाताळू नये.

तिन्ही चट्ट्यांपैकी कानांमागच्या टकलाची काळजी आजच सोडून द्या. प्रत्येक गिनीपिगच्या दोन्ही कानांमागे जन्मतःच बिनकेसांची एक जागा असते. ती कातडी स्वच्छ आणि मऊ असेल, तिच्यावर खपली किंवा ओरखडा नसेल, तर तो आजार नाही. अनेकांना ही जागा पहिल्यांदा दिसते ती दुसऱ्या एखाद्या चट्ट्याच्या शोधात असताना, आणि मग रोग पसरला असे वाटून घरात घबराट उडते.

ठमीची गोष्ट वेगळी आहे. नाक, डोळ्यांभोवतीचा भाग, कानांच्या कडा येथून सुरू होणारे टक्कल, त्यावर पांढरट कोंडा किंवा खपली, कडेचे केस तुटलेले आणि खाज फारशी नाही, हे गिनीपिगच्या नायट्याचे नेहमीचे चित्र आहे. त्याला कारण असते ती बहुधा ट्रायकोफायटन गटातली बुरशी. ती केसाच्या मुळाशी शिरते, केस ठिसूळ होऊन तुटतो आणि त्याच्यासोबत बीजाणू सगळीकडे पडतात. वयाने लहान, नुकतीच जागा बदललेली, दाटीवाटीत वाढलेली किंवा अपुऱ्या आहारावरची जनावरे तिला आधी बळी पडतात, आणि दमट हवा तिच्या पथ्यावर पडते. वाईचा पावसाळा किती दमट असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. अंगावर एकही चट्टा नसलेला गिनीपिगसुद्धा ही बुरशी बाळगून असू शकतो, म्हणून चिंगीचा चेहरा स्वच्छ आहे यावरून ती यातून सुटली असे समजू नका. दोघी एवढे आठवडे एकत्र राहिल्या आहेत. आता त्यांना वेगळे करून हाती फारसे काही लागणार नाही, उलट एकटेपणाने दोघीही खंगतील. तपासणी दोघींची व्हावी, आणि उपचारही दोघींचा करायचा का हे डॉक्टरांना ठरवू द्या.

नायट्याची खात्री करण्यासाठी पशुवैद्य चट्ट्याच्या कडेचे केस आणि कोंडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, किंवा नवा कोरा दात घासायचा ब्रश अंगावरून फिरवून त्याला चिकटलेल्या केसांपासून बुरशी वाढवून पाहतात. बुरशी वाढायला वेळ लागतो, कधी दोन-तीन आठवडेही लागतात, म्हणून लक्षणे स्पष्ट असतील तर निकालाची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात. काही दवाखान्यांत जांभळ्या प्रकाशाचा दिवा वापरून चट्टा चमकतो का ते पाहतात. मांजरांतल्या एका बुरशीसाठी ती चाचणी उपयोगी आहे, पण गिनीपिगमधली ट्रायकोफायटन बुरशी सहसा चमकत नाही. त्यामुळे केस चमकले नाहीत म्हणजे नायटा नाही असा अर्थ काढता येत नाही. उपचारात बहुधा तोंडावाटे द्यायचे बुरशीनाशक आणि चट्ट्यावर लावायचे औषध दोन्ही असतात आणि ते साधारण चार ते सहा आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस, चालू ठेवावे लागतात. दहाव्या दिवशी नवे केस दिसले म्हणून औषध थांबवणारी माणसे मला दर पावसाळ्यात भेटतात, आणि बहुतेक जण दिवाळीच्या सुमारास पुन्हा येतात.

मलमाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे नायट्यासाठी चिठ्ठीशिवाय सर्रास मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत स्टिरॉइड असते. स्टिरॉइडमुळे लाली आणि सूज ओसरते, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत बरे वाटते. पण त्याच स्टिरॉइडमुळे कातडीची बुरशीशी लढण्याची ताकद कमी होते आणि बुरशी शांतपणे पसरत राहते. ‘आधी बरे वाटले, मग चट्टा वाढला’ हे तुमचे वाक्य वाचून मला हीच शंका आली. ट्यूबवरची घटकांची यादी पाहा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. मलम आजच बंद करा आणि ट्यूब दोन्ही डॉक्टरांना, मुलीच्या आणि ठमीच्या, दाखवा. शिवाय गिनीपिग आपला चेहरा पुढच्या पायांनी सतत पुसतो आणि पाय चाटतो, त्यामुळे नाकावर लावलेले काहीही शेवटी पोटात जाते. याच कारणाने निंबोळी तेल, हळद घातलेले खोबरेल, रॉकेल यांतले काहीही लावू नका, आणि पिंजऱ्यात डांबराच्या गोळ्याही ठेवू नका. तेलकट अंगावरून तपासणीचा नमुना घेणेही अवघड होते.

औषधाइतकेच महत्त्व स्वच्छतेला आहे, कारण गळालेल्या केसांवरचे बीजाणू कित्येक महिने जिवंत राहतात. भुसा आठवड्यातून दोनदा पूर्ण काढा आणि पिशवीत बांधून टाका. पिंजऱ्यातले लाकडी घरकुल धुऊन निर्जंतुक होत नाही, त्यामुळे ते काढून टाका. पुठ्ठ्याचे खोके ठेवावे आणि दर आठवड्याला बदलावे, दोघींना ते अधिक आवडेल. प्लास्टिकचा तळ आधी साबणाने घासून, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा द्रावणाने दहा मिनिटे भिजवून, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. त्या वेळी दोघींना दुसऱ्या खोलीत ठेवा, ब्लीचचा वास त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. दोघींना आंघोळ मात्र घालू नका. ओल्या अंगाने त्या लगेच गारठतात. डॉक्टरांनी औषधी धुणे सांगितलेच तर गोष्ट वेगळी.

आता चिंगीकडे वळू. खरे सांगायचे तर तुमच्या पत्रात मला ठमीपेक्षा तिची काळजी अधिक वाटली, कारण तिचा चट्टा शांत आहे. मादी, वय अडीच वर्षे, दोन्ही कुशींवर सारख्या प्रमाणात केस गेलेले, कातडी स्वच्छ, खाज नाही: या चारही गोष्टी एकत्र आल्या की अंडाशयावरच्या पाणगाठींचा, ज्यांना सिस्ट म्हणतात, विचार पहिला करावा लागतो. मध्यम वयाच्या आणि पुढच्या माद्यांत या गाठी अत्यंत सर्रास आढळतात. त्यांतल्या काही गाठी संप्रेरके तयार करतात, त्यांमुळे केसांच्या मुळांचे वाढीचे चक्र थांबते आणि केस आपोआप सुटून पडतात. काही गाठी संप्रेरके तयार करत नाहीत, नुसत्याच वाढतात आणि पोटात जागा व्यापतात. चिंगीला हलक्या हाताने उचलून पाहा: बरगड्यांमागे पोट दोन्ही बाजूंनी फुगून ती पेरूच्या आकाराची दिसते का, स्तनाग्रांवर काळपट कोरडी खपली आहे का, अलीकडे ती ठमीवर गुरगुरत चढते का, उचलताना कुशीला हात लागला की अंग चोरते किंवा ओरडते का. यांतले जे दिसेल ते लिहून ठेवा. पोट दाबून गाठ शोधण्याचा प्रयत्न मात्र घरी करू नका, गाठ फुटू शकते.

तिच्या बाबतीत आणखी दोन शक्यता तपासून घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे केस कुरतडणे. गिनीपिग कंटाळले, दाटीत राहिले किंवा त्यांना चघळायला गवत मिळाले नाही, तर ते स्वतःचे किंवा सोबतिणीचे केस खातात, आणि तुमच्या पिंजऱ्यात गवत नाहीच. ओळखायची खूण सोपी आहे: उघड्या जागेवरून उलट्या दिशेने बोट फिरवा. दाढीच्या खुंटांसारखे बोचले तर केस कातरले गेले आहेत. जागा गुळगुळीत लागली तर ते मुळापासून सुटले आहेत. स्वतःचे डोके आणि मान कोणालाच कुरतडता येत नाही, त्यामुळे तेथले केस कातरलेले दिसले तर ते काम दुसरीचे आहे. दुसरी शक्यता गर्भारपणाची. पोटात पिले असताना, विशेषतः शेवटच्या आठवड्यांत, मादीच्या कुशींवरचे केस असेच विरळ होतात आणि विण्यानंतर परत येतात. दोघी माद्या आहेत असे तुम्ही म्हणता, पण लहानपणी दुकानात नर-मादी ओळखण्यात चूक वारंवार होते, म्हणून ठमी खरोखर मादीच आहे ना हे पशुवैद्यांकडून पाहून घ्या. गिनीपिगचा गर्भकाळ सुमारे ५९ ते ७२ दिवसांचा असतो, आणि तुमचे दोन महिने त्यातच बसतात.

गाठींची खात्री सोनोग्राफीने होते. तिला भूल लागत नाही आणि गर्भ असेल तर तोही त्यात दिसतो. गाठी निघाल्या तर कायमचा उपाय म्हणजे अंडाशय आणि गर्भाशय शस्त्रक्रियेने काढणे. त्यानंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत केस परत येतात. संप्रेरकांचे इंजेक्शन हा दुसरा मार्ग आहे, पण तो संप्रेरके तयार करणाऱ्या गाठींवरच चालतो आणि परिणाम तात्पुरता राहतो; सुईने पाणी काढले तर गाठ पुन्हा भरते. एवढ्या लहान जिवाला भूल देण्यात धोका असतो, हे मी लपवणार नाही. तरीही चिंगी अडीच वर्षांची आहे, गिनीपिग सहसा पाच ते आठ वर्षे जगतात, आणि तिचे वजन चांगले आहे. माझ्या मते शस्त्रक्रियेचा विचार याच वयात व्हावा, गाठी लिंबाएवढ्या होऊन तिने खाणे सोडल्यावर नव्हे. शस्त्रक्रिया ठरली तर कुत्र्यामांजरांप्रमाणे रात्रभर उपाशी ठेवायचे का हे आधी विचारून घ्या. गिनीपिगला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, म्हणून त्याला तसे उपाशी ठेवत नाहीत.

शेजाऱ्यांच्या इंजेक्शनबद्दल: त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांना नम्रपणे नाही म्हणा. आयव्हरमेक्टिन हे औषध गिनीपिगच्या खरजेवर खरोखरच वापरतात. ती खरूज ट्रिक्सॅकॅरस नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे होते; ते कातडीत बिळे पाडतात आणि खाज इतकी भयंकर असते की प्राणी स्वतःला रक्तबंबाळ करतो, पाठीवर आणि मांड्यांवर पिवळट जाड खपल्या धरतात आणि हात लावताच काहींना आकडी आल्यासारखे झटके येतात. नव्याने दवाखाना सुरू केला तेव्हा असाच एक झटके येणारा गिनीपिग मी मेंदूचा रुग्ण समजून दोन दिवस नुसता निरीक्षणाखाली ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्याची कातडी खरवडून पाहिली तेव्हा किडे दिसले. ते दोन दिवस त्याला नाहक सोसावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते. तुमच्या दोघींत मात्र खाजेचा मागमूस नाही. शिवाय शेळ्या-गुरांसाठीच्या १ टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते आणि गिनीपिगला लागते ते किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे चिंगीच्या वजनाला मिलिलिटरचा पंचविसावा भागदेखील नाही. शेळीच्या सिरिंजने तेवढे मोजता येत नाही. कुत्र्यांच्या पिसवांची औषधे आणि गळपट्टेही त्यांच्यासाठी नाहीत.

दुकानदाराचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश यांनी फक्त धान्य खाऊ घातलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही झालेली पाहिली, आणि त्या रोगाच्या अभ्यासाला तेथून नवे वळण मिळाले. पण ही कमतरता असली तर केस सगळ्या अंगावर राठ आणि निस्तेज होतात, सांधे दुखून प्राणी लंगडतो, हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत. कुशींवर दोन नेमके चट्टे एवढेच त्याचे रूप नसते. तरी तुमच्या आहारात ही उणीव असू शकते, कारण सुट्या पेलेटमधले क जीवनसत्त्व काही महिन्यांतच नष्ट होते आणि पिशवी केव्हा फोडली हे कोणालाच ठाऊक नसते. निरोगी गिनीपिगला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरते. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम असते, म्हणजे रोज प्रत्येकीला पाव मिरची द्यावी. पेरूची बारीक फोड किंवा आवळ्याची चकती अधूनमधून द्यावी. पिण्याच्या पाण्यात थेंब टाकू नका. ते लवकर निकामी होतात आणि चव बदलली की गिनीपिग पाणीच पीत नाही.

पोळी आजपासून बंद करा आणि गवत मिळवा. गवत हेच त्यांचे मुख्य अन्न आहे, त्याशिवाय दात झिजत नाहीत, पोट चालत नाही आणि रिकामे तोंड केसांकडे वळते. वाईसारख्या गावात गवत मिळणार नाही असे मला वाटत नाही. फवारणी न झालेल्या बांधावरची हरळी, म्हणजे पूजेच्या दूर्वा, स्वच्छ धुऊन, पाणी पूर्ण निथळवून थोडी थोडी वाढवत द्या. पावसाळ्यानंतर तीच वाळवून कोरड्या जागी साठवा आणि बुरशी धरलेले गवत ताबडतोब फेका. लसूणघासात कॅल्शियम जास्त असते, म्हणून मोठ्या वयात रोज देऊ नये. कोवळी ज्वारी गुरांना लागते तशी यांनाही बाधते.

दवाखान्यासाठी तुम्हाला शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. जाण्याआधी सोनोग्राफीची सोय कोणत्या दिवशी असते हे विचारून घ्या. दोघींना एकाच खोक्यात, सोबत गवत आणि काकडीची फोड देऊन, सकाळच्या गारव्यात न्या. तेथे कोणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिन गटातले प्रतिजैविक लिहून दिले तर ते गिनीपिगसाठी आहे हे पुन्हा एकदा स्पष्ट सांगा. त्याने त्यांच्या आतड्यातले उपकारक जिवाणू मरतात आणि काही दिवसांत जनावर दगावू शकते. या काळात दोघींपैकी कोणी बारा तास काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकणे बंद केले, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका.

सासूबाईंची काळजी मुलीपोटी आहे आणि ती रास्तच आहे. पण शेतात सोडलेला गिनीपिग कुत्र्या-मांजरांसमोर एक रात्रही टिकत नाही. हजारो वर्षांपूर्वी अँडीज पर्वतात माणसाळवलेला हा प्राणी आता माणसाच्या आसऱ्यावरच जगतो. हा नायटा बरा होणारा आहे, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. तोपर्यंत साफसफाई आणि औषध मोठ्यांनी हातमोजे घालून करावे आणि मुलीने ठमीला उचलू नये. दर रविवारी तुम्ही दोघींना स्वयंपाकघरापासून वेगळ्या ठेवलेल्या वजनकाट्यावर ठेवा आणि मुलीने आकडा वहीत लिहावा. एका आठवड्यात पन्नास ग्रॅमहून अधिक घट दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. चट्ट्यांची छायाचित्रेही तिने त्याच उजेडात, त्याच अंतरावरून दर रविवारी काढावीत. सोनोग्राफीत काय दिसले ते मला जरूर कळवा, म्हणजे चिंगीच्या शस्त्रक्रियेविषयी पुढच्या पत्रात अधिक नेमके लिहिता येईल.